थंडीतला पेरू मे महिन्यात ठरतो

डिसेंबर-जानेवारीत घरच्या झाडावरचा पेरू काढून खावा अशी इच्छा असणारे बहुतेक लोक दिवाळीनंतर झाडाकडे लक्ष द्यायला लागतात. खत घालतात, पाणी वाढवतात आणि फळ का धरत नाही असे रोपवाटिकेत विचारायला जातात. त्या वेळी विचारून फारसा उपयोग नसतो, कारण थंडीत पिकणाऱ्या पेरूचे फूल पावसाळ्याच्या सुरुवातीला उमललेले असावे लागते, आणि ते फूल ज्या कोवळ्या फांदीवर येते ती फांदी मे महिन्याच्या उन्हात फुटायला भाग पाडावी लागते. फळझाडाचे वेळापत्रक असे आपल्या सोयीने पुढेमागे करण्याला महाराष्ट्रातले बागायतदार ‘बहार धरणे’ म्हणतात. बागेतले हे तंत्र गच्चीवरच्या एका ड्रमात कसे आणायचे, त्यातले काय तसेच्या तसे चालते आणि काय अजिबात चालत नाही, हे या लेखात समजावून घ्यायचे आहे.

पेरू, डाळिंब, लिंबू, संत्रा या झाडांना आपल्या हवामानात वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, आंब्याला मोहोर असतो त्याच दिवसांत येणाऱ्या फुलांना आंबे बहार म्हणतात. विदर्भातले संत्रा बागायतदार त्यालाच आंबिया बहार म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे, येणारा तो मृग बहार. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते, त्या सुमारास फुटणारा तो हस्त बहार. पेरूच्या बाबतीत या तिन्हींची फळे अनुक्रमे पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतात. झाडाला मोकळे सोडले तर ते तिन्ही वेळा थोडे थोडे फुलत राहते आणि कोणताच बहार नीट पोसत नाही. म्हणून एक बहार धरायचा आणि उरलेले दोन सोडून द्यायचे, हा या साऱ्या खटाटोपाचा पाया आहे. आपल्याला थंडीतले फळ हवे असल्यामुळे आपला बहार मृगाचा.

थंडीचा पेरू पावसाळी पेरूपेक्षा चांगला लागतो, ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, त्यामुळे पानांना साखर तयार करायला पुरेसे ऊन मिळत नाही, आणि मुळांना पाणी मात्र अमर्याद मिळते. मग फळ फुगते, पण पांचट होते. थंडीत दिवसभर स्वच्छ ऊन असते आणि रात्री गार असतात. गार रात्रीत झाडाचे श्वसन मंदावते, म्हणजेच दिवसा कमावलेली साखर रात्री खर्च होण्याचे प्रमाण घटते आणि ती फळात उरते. पेरूतले क जीवनसत्त्वही थंडीच्या फळात पावसाळी फळापेक्षा जास्त भरते. एरवीसुद्धा १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे संत्र्याच्या तुलनेत कितीतरी अधिक. तिसरे कारण फळमाशीचे. पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली ही माशी अंडी घालते आणि पावसाळी पेरू कापल्यावर आत वळवळणाऱ्या ज्या अळ्या दिसतात त्या तिच्याच असतात. थंडीत तिचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झाडाला ‘आता फूल, नंतर नको’ हे सांगायचे कसे? त्यासाठी त्या झाडाचे फूल नेमके कुठे येते हे आधी पाहावे लागते, आणि माझ्या मते घरच्या बागेची निम्मी निराशा हे न पाहिल्यामुळे होते. आंब्याचा मोहोर जून झालेल्या, म्हणजे काही महिने वय झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. अशा झाडाची फांदी मे महिन्यात छाटली तर नवी पालवी येईल, मोहोर येणार नाही. पेरूचे याच्या उलट असते. त्याची कळी चालू हंगामातल्या कोवळ्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. जुन्या, तपकिरी झालेल्या लाकडावर ती थेट येत नाही. त्यामुळे पेरूच्या झाडाला ज्या महिन्यात नवी फूट काढायला लावाल, त्याच्या पुढच्या महिन्यात ते फुलण्याची शक्यता निर्माण होते. नव्या फुटीची वेळ हातात आली की फळाची वेळही हातात आली.

बागेत ही वेळ हाती आणण्याचा जुना मार्ग म्हणजे ताण देणे. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत सुमारे महिनाभर, तर पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही ताण द्यावा लागतो. मुळांना कोरड जाणवली की झाड वाढ थांबवते, पाने पिवळी पडून बरीचशी गळतात, आणि वाढीवर खर्च व्हायचे अन्न काड्यांमध्ये साठून राहते. मग खत घालून पाणी सोडले, किंवा मृगाचा पाऊस वेळेवर पडला, की साठलेल्या अन्नाच्या जोरावर सगळे झाड एकदम फुटते. पाणी पुन्हा देण्याला ताण तोडणे म्हणतात. मृग बहाराचा फायदा असा की ज्या दिवसांत विहिरीला पाणी नसते त्याच दिवसांत झाडाला ते नको असते. त्याची अडचणही तेवढीच ठरलेली आहे: मेच्या मध्यावर वळीव कोसळला तर दिलेला ताण एका संध्याकाळीत मोडतो आणि झाड अर्धवट फुटते.

बागेचे हेच तंत्र मी आमच्या गच्चीवरच्या सरदार जातीच्या पेरूवर तसेच्या तसे करून पाहिले आणि पहिल्या वर्षी सपशेल फसलो. एप्रिलच्या अखेरीस पाणी बंद केले आणि तीन आठवडे ड्रमकडे निश्चयाने दुर्लक्ष केले. बागेतल्या झाडाची मुळे खोल गेलेली असतात. वरची माती वाळली तरी खालची ओल हळूहळू कमी होते आणि झाडाला सावरायला वेळ मिळतो. ड्रमातल्या झाडापाशी शंभर लिटर मातीपलीकडे काहीही नसते, आणि मेच्या उन्हात प्लास्टिकचा ड्रम बाहेरून हात लाववत नाही इतका तापतो. आमच्या झाडाची पाने पिवळी पडून गळली नाहीत, ती फांदीवरच करपली. काड्यांचे शेंडे वाळून मोडायला लागले. घाबरून दोन बादल्या पाणी ओतले तर ते मिनिटभरात खालच्या भोकांतून बाहेर आले, कारण माती आकसून ड्रमच्या कडेपासून बोटभर सुटली होती आणि सगळे पाणी त्या फटीतून निसटत होते. मधला मातीचा गड्डा कोरडाच. शेवटी फट मातीने बुजवून, तांब्या-तांब्याने दिवसातून चार वेळा पाणी देऊन ते झाड वाचवले. त्या वर्षी जुलैत भरपूर पाने आली आणि एकही कळी आली नाही.

म्हणून ड्रमातल्या झाडाला ताण द्यायचा तो नुसता सुचवण्यापुरता, आणि खरी भिस्त ठेवायची ती कळ्या खुडण्यावर आणि छाटणीवर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी नेहमीच्या निम्मे करावे. दुपारी पाने माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, तोवर हरकत नाही. सकाळी उठून पाहिल्यावरही पाने मलूल दिसत असतील तर त्याच क्षणी पूर्ण पाणी द्यावे. बागायतदाराला जे साधायला पाच-सहा आठवडे लागतात ते सारे ड्रमात साधणार नाही, आणि साधण्याची गरजही नाही, कारण शेकडो झाडांच्या कळ्या हाताने खुडणे त्याला परवडत नाही, आपल्याला एकाच झाडाच्या खुडायच्या असतात.

हे खुडण्याचे काम फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालते. आंबे बहाराच्या कळ्या हिरव्या वाटाण्याएवढ्या दिसू लागल्या की दर आठ-दहा दिवसांनी नखाने मोडून टाकायच्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पाहवत नाही, हे सांगून ठेवतो. आमच्याकडे ‘आलेलं फळ कुणी मोडतं का’ हा प्रश्न दर मार्चमध्ये होतो. पण त्या कळ्या ठेवल्या तर त्यांची फळे जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन फळमाशीच्या दिवसांत पिकतील, आणि झाडाची ताकद त्यांना पोसण्यात गेल्यामुळे मृगाची फूट दुबळी निघेल.

छाटणी मेच्या मध्यावर करावी. फांदीकडे जवळून पाहिले की दोन रंग स्पष्ट दिसतात: आतला भाग तपकिरी, गोल, साल सुटणारा, बाहेरचा भाग हिरवट आणि चौकोनी, चारही कडा बोटाला लागतील असा. हा चौकोनी भाग गेल्या हंगामातल्या वाढीचा. त्याची साधारण निम्मी लांबी धारदार कात्रीने कापायची, कापताना खाली पानांच्या दोन-तीन जोड्या राहतील हे पाहायचे. पेरूची पाने समोरासमोर येतात, त्यामुळे एका कापाखालून बहुधा दोन फुटवे निघतात आणि झाड आपोआप घेरदार होते. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या याच वेळी मुळापासून काढाव्यात. छाटणी झाली की वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलवून एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी, आणि मग पाणी पूर्ववत सुरू करावे.

यापुढचा हिशोब सोपा आहे. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुगून तांबूस-हिरवे फुटवे निघतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या फुटव्यांच्या खालच्या दोन-चार जोड्यांच्या बगलेत कळी दिसते. कळी दिसल्यापासून फूल उमलायला सुमारे महिना लागतो; पेरूचे फूल पांढरे, मधोमध पुंकेसरांचा दाट झुपका असलेले असते आणि ते पहाटे-सकाळी उमलते. फुलापासून फळ तयार व्हायला चार ते पाच महिने लागतात. म्हणजे १५ मेची छाटणी जुलैच्या मध्यावर फुलते आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत फळ देते. जानेवारीतही फळ हवे असेल तर मी करतो ती युक्ती अशी: झाडाच्या निम्म्या फांद्या मेच्या मध्यावर छाटायच्या आणि उरलेल्या निम्म्या जूनच्या मध्यावर. एकाच झाडाचे दोन हप्ते होतात आणि एका आठवड्यात तीस पेरू पिकून शेजाऱ्यांना शोधत फिरण्याची वेळ येत नाही. छाटणीऐवजी उभ्या वाढलेल्या फांद्या सुतळीने आडव्या वाकवून बांधण्याची पद्धतही आहे. शेंडा बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, ते त्याचे वर्चस्व आडव्या फांदीवर कमी होते आणि बाजूचे डोळे जागे होतात. पश्चिम बंगालमधल्या बारुईपूर भागातले पेरू उत्पादक ती वापरतात. अरुंद बाल्कनीत तिला जागा पुरत नाही, हा तिचा दोष.

झाड नव्याने लावायचे असेल तर बियांपासून केलेले रोप घेऊ नये. गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडून केलेले) किंवा दाब कलम (फांदी मातीत दाबून केलेले) घ्यावे. बियांचे रोप फळावर यायला अधिक वर्षे घेते आणि मूळ झाडासारखे निघेलच असे नाही. जातींपैकी सरदार, जिला एल-४९ किंवा लखनौ-४९ म्हणतात, ती १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबाग केंद्रात निवडली गेली. नाव लखनौचे असले तरी झाड पुण्याचे आहे. ती पसरट वाढते आणि छाटणीला चांगली दाद देते. सध्या रोपवाटिकांत तैवान पिंक फार खपतो. तो लहान वयात फळतो, कुंडीत रमतो, पण वर्षभर अधूनमधून फुलत राहतो, त्यामुळे त्याचा बहार बांधायला खुडण्याचे काम जास्त पडते. कलम घेताना पिशवीच्या भोकांतून दिसणारी मुळे जरूर पाहावीत. त्यांवर मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचे, लक्षण असते आणि असे रोप फुकट मिळाले तरी आणू नये.

दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून केलेला अर्धा ड्रम पेरूला पुरतो. तळाला व बाजूला बोटाएवढी आठ-दहा भोके, त्यावर विटांचे तुकडे, आणि मग पोयट्याची माती, शेणखत व नारळाचा भुसा सारख्या प्रमाणात. मात्र भिजलेला असा ड्रम सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जातो, तेव्हा तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा खांबाजवळ, विटांवर उचलून ठेवावा. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर पेरूचा नाद सोडलेला बरा.

पावसाळ्यात लहान फळे टिकवणे हा या वर्षाचा सगळ्यात कटकटीचा भाग. एका फुटव्यावर तीन-चार फळे धरली तर त्यांतले एक-दोनच ठेवावे; तीन वर्षांच्या ड्रमातल्या झाडाला वीस-पंचवीस फळे पुष्कळ झाली. पानांमागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्यात थोडे निंबोळी तेल आणि साबण मिसळून दर आठवड्याला फवारावे. फळमाशीसाठी कामगंध सापळे, म्हणजे वासाने माश्या ओढून घेणारे सापळे, मिळतात; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यातलाच. पण या सापळ्यांतल्या मिथाईल युजेनॉलकडे फक्त नर माश्या येतात, अंडी घालणारी मादी येत नाही. मोठ्या बागेत नर संपवून माद्यांना जोडीदार मिळू न देणे जमते, गच्चीवर शेजारच्या सोसायटीतून मादी उडत येतेच. म्हणून घरी फळांना पिशव्या घालणे अधिक खात्रीचे. फळ लिंबाएवढे झाले की न विणलेल्या कापडाची पांढरी पिशवी देठापाशी सैल बांधावी. तिने पोपट, बुलबुल आणि खारी यांचाही बराच बंदोबस्त होतो.

इतर फळांचे काय, असे विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. सीताफळाचे फूलही नव्या फुटीवर येते, पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते धरत नाही आणि पावसाच्या दमट हवेत धरते, त्यामुळे फळ सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मिळते. त्याचे फूल आधी मादी अवस्थेत असते आणि नंतर परागकण सोडते, म्हणून गच्चीवर, जिथे परागीभवन करणारे बारके भुंगे येत नाहीत, तिथे पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्याने अर्धवट उघडलेल्या फुलात सकाळी फिरवावेत. फळे धरण्यातला फरक डोळ्यांना दिसतो. मात्र बहार आणखी लांबवून सीताफळ डिसेंबरात नेऊ नये, कडाक्याच्या थंडीत ते न पिकता काळे पडून दगडासारखे होते. पपई थंडीतही झाडावर असते, पण गार रात्रीत सावकाश पिकते आणि गोडीला कमी पडते. चिकूला फुलापासून फळापर्यंत आठ-दहा महिने लागत असल्यामुळे त्याचा बहार ओढूनताणून आणण्यात अर्थ नसतो. थंडीत येणारी फळे नखाने खरवडून पाहावीत, खाली हिरवे दिसले तर थांबावे, पिवळट-तपकिरी दिसले तर काढावे. ड्रॅगन फ्रूटला फुलायला लहान रात्र लागते, म्हणून व्हिएतनाममधले शेतकरी हिवाळ्यात रात्री बागेत दिवे लावून लांब रात्र मधेच तोडतात आणि फळ घेतात. बाल्कनीतल्या एका वेलासाठी हा उद्योग मी करणार नाही.

थंडी किती पडते यावरही पेरूचे शेवटचे दिवस ठरतात. मुंबई-कोकणात रात्री फारशा गार होत नाहीत, तिथे फळ हिशोबाप्रमाणे तयार होते. पुणे-नाशिककडे, त्यातही पारा पाच अंशांखाली जाणाऱ्या निफाडसारख्या भागात, तेच फळ दोन-तीन आठवडे जास्त घेते. अशा वेळी घाई करू नये, पाणी मात्र नियमित आणि सकाळच्या वेळी द्यावे. चार दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले तर भरत आलेले फळ तडकते. पिशवीतून डोकावून पाहावे: गडद हिरवा रंग फिकट होऊन पोपटी-पिवळसर झाला आणि पिशवी उघडताच वास आला, की कात्रीने अर्धा इंच देठ ठेवून पेरू काढावा. पेरू काढल्यानंतरही पिकतो, तेव्हा जरा कडक असतानाच काढलेला पेरू घरात दोन दिवसांत खाण्याजोगा होतो, आणि थंडीत तो फ्रिजबाहेर आणखी तीन-चार दिवस राहतो.